चौथा ठोका

कसबा पेठेतल्या त्या खोलीत मी पहिल्यांदा झोपलो, ती भर दुपार होती. पहाटेच्या एसटीने गावाहून निघालो होतो. ट्रंक दाराशी ठेवली, खाटेवर पाठ टेकली आणि डोळा लागला. झोपेत वाटलं, मी आमच्या गावच्या विहिरीच्या तळाशी बसलोय आणि वर काठावर कोणीतरी पितळी घागरीवर ठोके देतंय. ठण, ठण, ठण, टिक. पाणी गार होतं, हिरवं होतं, आणि प्रत्येक ठोक्यासरशी त्यावर एक वर्तुळ उमटत होतं.

जाग आली तरी आवाज चालूच होता. तो खालून येत होता, फळ्यांच्या जमिनीतून, खाटेच्या पायांतून. उशाशी ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर खरंच वर्तुळं उमटत होती.

खाली तांब्याची भांडी घडवायचं दुकान होतं. दुकान ज्यांचं, त्यांना मी काका म्हणू लागलो. वरची खोली त्यांच्या मुलाची. मुलगा फौजेत होता, म्हणून खोली रिकामी होती, आणि गावाकडच्या माझ्या मास्तरांनी कोणाकोणाला विचारून ती माझ्यासाठी मिळवली होती. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. पुण्यात शिकायचं म्हणजे राहायचं कुठे, खायचं काय, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "भाकरी खातोस का पोळी?" मी म्हणालो, "काहीही चालेल." काका खालून ओरडले, "काहीही आमच्याकडे मिळत नाही. भाकरी का पोळी ते सांग."

काका कमी बोलत, आणि बोलले की टोचत. पण मी कॉलेजातून उशिरा आलो तर जेवण झाकलेलं असे.

हळूहळू मला तो आवाज कळायला लागला. भांडं लोखंडी दांड्यावर उलटं बसवायचं आणि हातोडीने एकाशेजारी एक ठोके द्यायचे. याला मठारणं म्हणतात. तांब्यावर माशाच्या खवल्यांसारखे गोल ठसे उठतात, भांडं घट्ट होतं, त्याला चमक येते. त्या आळीत असे पुष्कळजण मठारत बसत. प्रत्येकाची चाल वेगळी. कोण काम करतंय ते आळीतली माणसं डोळे मिटून सांगत. काकांची चाल होती तीन ठोके भांड्यावर आणि चौथा, भांडं डाव्या हाताने जरासं फिरवताना, नुसत्या लोखंडावर. हलका, टेकवल्यासारखा.

"तो चौथा कशाला, काका?"

"हात थांबू नये म्हणून. आणि भांड्याला श्वास घ्यायला. तुला परीक्षेला आहे का हे?"

मी त्या आवाजात अभ्यास केला. गणित सुटत नसलं की पेन्सिल खाली ठेवून ऐकत बसायचो. आवाजाच्या आत एक शांत जागा होती. तिथे जाऊन बसलं की खिडकीतलं ऊनही तांब्याचं वाटायचं.

पहिल्या वर्षीच दादा सुट्टीवर आला. काकांच्या मुलाला मी दादा म्हणायला लागलो, ते त्यानेच सांगितलं म्हणून. उंच, रापलेला, हसताना एक खांदा वर उचलणारा. खोली त्याची, खाट त्याची, पण तो सतरंजी घेऊन खाली झोपला. मी संकोचलो तर म्हणाला, "तू शिकतोयस. तुझी पाठ सरळ राहिली पाहिजे. माझी सरकारने सरळ केलीये."

सुट्टीवर असला की सकाळी तो काकांशेजारी मठारायला बसे. मी जिन्यावरून बघायचो. त्याचा हात बघायला छान वाटे, पण चौथा ठोका चुकायचा. तो लोखंडावर न पडता भांड्यावरच पडे, आणि जरा जोरातच. ठण, ठण, ठण, ठण. सगळ्या ठशांमध्ये तो एक ठसा खोल उमटायचा.

"परत!" काका म्हणत. "परत खड्डा पाडलास. तिकडे गोळ्याही अशाच वाया घालवतोस का?"

"हात थांबत नाही, बाबा."

"तुझा हात भांड्याचा नाहीच. बंदुकीचा आहे. ऊठ, चहा पी."

दादा हसून उठायचा. पण काका ते भांडं घेऊन बराच वेळ तो खड्डा बुजवत बसत, आणि तेव्हा त्यांचा चेहरा हसरा नसे. पिढ्यान्पिढ्यांचं काम आपल्यापाशी येऊन थांबलं, मुलाच्या हातात ते उतरलंच नाही, ही एक गोष्ट त्यांना खात होती. तसं ते कोणाला सांगत नसत. एकदा कल्हईवाल्याशी बोलताना मी ऐकलं एवढंच.

गच्चीवर बसलो असताना दादा मला म्हणाला होता, "वर पहाडात काय त्रास होतो सांगू? थंडीचा नाही. शांततेचा. कान दुखतात. मग मी जेवण झालं की ताटावर आपल्या दुकानाचा ठोका वाजवतो. पोरं शिव्या घालतात." खाली आळी वाजत होती, आणि तो डोळे मिटून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर कबुतरांच्या सावल्या येऊन जात होत्या. मला ती दुपार अजून कधी कधी स्वप्नात दिसते. स्वप्नात तो फक्त ऐकतो.

माझं शिक्षण पूर्ण झालं. खराडीत नोकरी लागली. पेढे मी गावी नेण्याआधी त्या दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवले. काका म्हणाले, "साखर जास्त आहे," आणि दोन खाल्ले. राहायला मी खराडीकडे गेलो, पण रविवारी कसब्यात जेवायला जाणं सुटलं नाही.

दादा गेल्याची बातमी हिवाळ्यात आली.

त्या दिवसांचं मला सलग काही आठवत नाही. तिरंगा आठवतो, आळीत न मावणारी गर्दी आठवते, झेंडूच्या पाकळ्या चपलांना चिकटून घराघरांत गेल्या होत्या ते आठवतं. आणि हे आठवतं की आळीत आवाज नव्हता. एकही हातोडी नाही. तेरा दिवस सगळ्यांनी काम बंद ठेवलं. नंतर एकेक दुकान सुरू झालं, पण काकांचं झालं नाही. ते रोज सकाळी दुकान उघडत, झाडून घेत आणि पायरीवर बसत. ते पायरीवर आले की आजूबाजूचे लोक हातातली हातोडी खाली ठेवत. बिचाऱ्याला त्रास नको, एवढाच हेतू. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. काका आळीतून चालायला निघाले की त्यांच्या पुढे पुढे आवाज बंद होत जायचा आणि ते गेल्यावर मागे सुरू व्हायचा. जणू ते शांतता बरोबर घेऊन चालत होते.

चौकाला दादाच्या नावाची पाटी लागली. वर्तमानपत्रात आलं होतं की सहकाऱ्यांना मार्ग दाखवताना त्याला वीरमरण आलं. ते कात्रण काकांनी देवाजवळ ठेवलं होतं. रविवारी जेवण झालं की ते मला विचारत, "तू शिकलेला आहेस. मार्ग दाखवला म्हणजे नक्की काय केलं?"

मी म्हणायचो, "नकाशा असेल, काका. किंवा पुढे चालला असेल."

"पुढे चालला असेल," ते म्हणत. मग पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न. त्यांना शौर्य माहीत होतं, सगळे तेच सांगत होते. त्यांना आपला मुलगा त्या क्षणी काय करत होता ते हवं होतं. हातात काय होतं, कुठे बसला होता. ते माझ्याकडे नव्हतं.

वर्षश्राद्ध झाल्यावर काकांनी सांगितलं की दुकान बंद करायचं. एका कॅफेवाल्यांना ती जागा हवी होती. त्यांना जुनी दगडी भिंत आवडली होती. "भिंतीसमोर बसून कॉफी पिणार म्हणे," काका म्हणाले. "पिऊ देत. भिंत काही बोलत नाही." हत्यारं बांधायला त्यांनी मला रविवारी बोलावलं.

त्याच आठवड्यात काकूंना फोन आला. दादाबरोबरचे एक हवालदार पायाच्या उपचारासाठी पुण्यातल्या लष्करी दवाखान्यात आले होते. त्यांना घरी यायचं होतं. काकूंनी तोच रविवार सांगितला आणि त्यांना आणायला मला पाठवलं.

हवालदार साताऱ्याकडचे होते. काठी टेकत बाहेर आले, माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि म्हणाले, "सावकाश घ्या. ह्यो पाय अजून माझं ऐकत न्हाई." नदीवर सकाळचं धुकं होतं. पूल अर्धाच दिसत होता. बाकीचा असेल असं समजून आपण पुढे जायचं. पुलाच्या मध्यावर त्यांनी माझा खांदा घट्ट धरला, आणि पलीकडचं ऊन दिसल्यावर सोडला.

आळीच्या तोंडाशी उतरून आम्ही चालू लागलो. पाहुणा येणार हे सगळ्यांना कळलं होतं. रांगोळ्या घातल्या होत्या. दुकानं बंद ठेवली होती. माणसं, बायका, मुलं आपापल्या दारात हात जोडून उभी होती. इतकी शांतता की काठीचा टोक्‌ टोक्‌ आवाज भिंतींवरून परत येत होता.

आळीच्या मध्यावर हवालदार थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"आवाज कुठं हाय?"

कोणाला कळेना. समोरच्या दुकानाचे मालक पुढे आले. "काम बंद ठेवलंय साहेब. आपल्या मानासाठी."

"मानासाठी?" हवालदारांचा चेहरा एकदम पडला. लांबून कोणाला भेटायला यावं आणि दाराला कुलूप दिसावं, तसा. "अहो, मी त्यो आवाज ऐकायला आलोय की. हार काय, च्या काय, दवाखान्यात बी मिळतोय."

समोरच्या मालकांनी काकांच्या दुकानाकडे पाहिलं आणि खाली मान घातली. काका पायरीवर उभे होते. ते एवढंच म्हणाले, "आत या. ऊन लागेल."

आत सगळं बांधाबांधीच्या तयारीत होतं. हातोड्या गोणपाटात, कात्र्या सुतळीने बांधलेल्या. लोखंडी दांडा मात्र जमिनीत पुरलेला, तो कॅफेवाले उपटणार होते. त्यावर एक अर्धवट मठारलेलं घंगाळ उलटं राहिलं होतं, वर्षभर तसंच. काकूंनी पोहे दिले. हवालदारांनी बशी हातात धरली, पण खाल्ले नाहीत.

"तुमाला कुणी सांगितलं का, काका, काय झालं त्ये?"

"मार्ग दाखवला, असं छापून आलंय."

हवालदारांनी बशी खाली ठेवली.

"धुकं होतं. दिवसाढवळ्या हाताचा पंजा दिसंना असलं धुकं. आमी खाली घळीत गेलेलो, तिथं गोळीबार झाला. दोघं जखमी, माझा ह्यो पाय गेलेला. वायरलेस बंद. वर चौकीकडं यायची वाट एका माणसापुरती, दोन्हीकडं दरी. चौकीत त्यो एकटाच ऱ्हायलेला."

"हाक मारायची मग," काकू म्हणाल्या.

"वाऱ्यात हाक फाटती, काकू. कुठनं आली कळत न्हाई. आन् हाक पलीकडचा बी मारतो." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "आमी बसूनच होतो. वाटलं, संपलं. तेवढ्यात वरनं आवाज आला. जेवण झालं की ताटावर वाजवायचा ना, त्योच. आमी रोज वराडायचो, ए तांबट, बंद कर रं तुजं दुकान. त्या दिवशी कुणी बंद कर म्हणलं न्हाई."

काका एकदम पुढे वाकले. "कशावर वाजवत होता?"

"गोळ्यांची रिकामी पेटी होती. लोखंडी."

"हातात काय?"

"पाना. गाडीचा."

"बसून का उभा?"

"गुडघ्यावर, काका. असा."

काकांनी मान हलवली. त्यांना आता तो दिसत होता.

"आमी एकमेकाला धरून त्या आवाजाकडं चढाय लागलो. पर त्यो आवाज पलीकडच्यास्नी बी जात होता. ते आवाजावरच गोळ्या टाकाय लागले. आमी खालनं वराडतोय, जागा बदल, जागा बदल. त्यो बदलंना. त्याला म्हाईत होतं, आवाज हलला की आमचा पाय चुकला, मंग दरी. शेवटचा मी. रांगत आलो. हाताला चौकीचा दगड लागला तरी ठोके चालूच. म्या त्याच्या पाठीवर हात ठेवला तवा थांबला. म्हणला, सगळे आले? म्या म्हणलं, आले. मंग डोकं माझ्या खांद्यावर टाकलं." त्यांनी स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. "गोळी त्याला लई आधी लागली होती, काका."

काकू भिंतीला टेकून बसल्या. दारातून ऊन आत आलं होतं आणि त्यात तांब्याची बारीक धूळ तरंगत होती.

मग काका म्हणाले, "वाजवून दाखवा."

हवालदारांनी पोह्यांचा चमचा घेतला आणि घंगाळावर ठोके दिले. ठण, ठण, ठण, ठण.

"चुकतंय," काका म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा, कोरडा. "चौथा हलका असतो. भांड्यावर नाही, लोखंडावर."

"न्हाई, काका. चौथा बी तेवढाच. उलट जरा जास्तच."

"अहो, आमच्या घरात तीन पिढ्या हाच ठोका आहे. मला शिकवू नका."

"तुमचं बरुबर आसंल. पर मी त्या आवाजावर चालत आलोय."

काकांनी गोणपाटाची सुतळी सोडली. नीट गाठ सोडली, ओढली नाही. हातोडी काढली, पाटावर बसले, घंगाळाला डावा हात लावला. नुसतं दाखवायला. ठण, ठण, ठण, टिक.

हवालदारांनी मान हलवली. "न्हाई."

पुन्हा. ठण, ठण, ठण, टिक. पुन्हा मान हलली. मी जिन्याजवळ उभा होतो, जिथून मी पूर्वी बघायचो तिथेच, आणि मला कळलं होतं. पण ते मी बोलायचं नव्हतं. काकांची हातोडी हवेत थांबली. ते त्या घंगाळाकडे बघत राहिले. मग हात खाली आला, आणि चौथा ठोका लोखंडावर न जाता तांब्यावर पडला. जोरात. एक खड्डा पडला.

"हां!" हवालदार म्हणाले. "ह्योच!"

"गाढव," काका म्हणाले. "हजारदा सांगितलं त्याला." आणि हात न थांबवता ते मठारत राहिले. ठण, ठण, ठण, ठण. डोळ्यांतलं पाणी घंगाळावर पडत होतं आणि ते तसंच ठोकत होते.

थोड्या वेळाने हवालदार उठले. "काका, बंद करू नगा. मी आलोच." ते बाहेर पडले. मी मागोमाग गेलो. आळीच्या पार टोकाला, चौकातल्या दादाच्या नावाच्या निळ्या पाटीखाली जाऊन ते वळले. काठी माझ्या हातात दिली. डोळे मिटले.

आणि चालायला लागले. दोन्ही हात जरा पुढे, पाय घासत, कधी भिंतीकडे, कधी रांगोळीवरून. दारांतली माणसं बाजूला होत होती, पण कोणी हात देत नव्हतं. मीही दिला नाही. दुकानातून ठोके येत होते, एका जागेवरून, जरासुद्धा न हलता. मला क्षणभर आळी दिसेनाशी झाली. पांढरं काहीतरी पसरलेलं होतं आणि त्यात तेवढाच एक तांबडा आवाज होता. हवालदार त्याच्याकडे जात होते, आणि मला वाटलं, आम्ही सगळेच जात होतो.

पायरी पायाला लागली तेव्हा ते थांबले. आत वाकून, चाचपत, त्यांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला.

"पोचलो, काका."

हातोडी थांबली. काकांनी विचारलं, "सगळे आले?"

"आले."

समोरच्या दुकानाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग तिथली हातोडी सुरू झाली, मग तिच्या शेजारची. काकूंनी नवे पोहे टाकले. हवालदारांनी दोन बशा खाल्ल्या आणि दुपारी वरच्या खोलीत, दादाच्या खाटेवर, त्या सगळ्या गोंगाटात गाढ झोपले.

संध्याकाळी काका मला म्हणाले, "त्या कॉफीवाल्यांना फोन कर. त्यांना सांग, भिंत देता येत नाही. भिंतीला आवाज येतो."

दुकान चालू आहे. काका आता मठारतात ते चार ठोक्यांनी, आणि त्यांच्या प्रत्येक भांड्यावर दर तीन ठशांनंतर एक खोल ठसा येतो. परवाच्या रविवारी मी तिथे असताना कोथरूडहून एक बाई आल्या होत्या. घंगाळ उजेडात धरून म्हणाल्या, "अहो, यात खड्डे आहेत."

"आहेत," काका म्हणाले.

"मुद्दाम पाडलेत का?"

"माझ्या मुलाची पद्धत आहे. नको असेल तर पुढच्या चौकात स्टीलचं मिळतं. गुळगुळीत."

बाईंनी खड्ड्यावरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "हेच बांधा."